अमानतीची वही

आमच्या शाळेतल्या टेबलाच्या खणात दोनशे पानी एक वही आहे. तिच्यावर विषयाचे नाव नाही. आत मुलांची नावे, त्यांचे आधार क्रमांक, बँकेच्या खात्यांचे आकडे, आईचा किंवा चुलत्याचा मोबाइल क्रमांक आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने लिहिलेला पासवर्ड. गेल्या काही वर्षांत वजीफ्याचे, स्पर्धा परीक्षांचे, अकरावीच्या प्रवेशाचे जे जे फॉर्म आम्ही मुलांना भरून दिले, त्यांचा हा हिशेब. उर्दू माध्यमाच्या दुसऱ्या शाळांतही अशी एखादी वही असणार, असा आमचा अंदाज आहे. बरीच वर्षे ही वही म्हणजे आपल्या खिदमतीचा पुरावा आहे असे आम्हांला वाटत असे. आता ती खणातून काढताना हात थोडा अडखळतो.

अडखळण्याचे कारण 2018 सालचे आहे. आमच्या वर्गातल्या तीन मुलींच्या घरी मोबाइल होता, पण तो वडिलांबरोबर सकाळीच कामावर जाई. फॉर्मची शेवटची तारीख तोंडावर आली होती. मोबाइल क्रमांकाच्या चौकटीत आम्ही आमचाच क्रमांक घातला. ओटीपी आला, फॉर्म गेला, मुली खूश, घरचेही खूश. पुढल्या वर्षी नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा आम्ही सिमकार्ड बदलून बसलो होतो. जुन्या क्रमांकावर जाणारा ओटीपी आता कोणाकडेच येत नव्हता. धावपळ करून दोघींचे काम झाले. तिसरीचे झाले नाही. तिचे वडील शाळेत आले. आम्ही माफी मागितली तर तेच म्हणाले, ‘जाने दो टीचर, तुमे तो अच्छाइच सोचे थे.’

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. आम्ही चांगलेच चिंतले होते यात शंका नाही. पण चांगले चिंतणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्या खिशात ठेवून घेतली, आणि मग तो खिसाच हरवला. यात दोष सिमकार्डाचा म्हणायचा, पोर्टलचा म्हणायचा, की आमच्या भलेपणाचा? या लेखात आम्हांला विचारायचे आहे ते एवढेच. आणि त्याच्याशी गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा काय संबंध, ते हळूहळू सांगतो.

पूर्वी न शिकलेल्या माणसाला आपल्याकडे ‘अंगठाबहाद्दर’ म्हणत. सही न येणारा माणूस शाईत अंगठा बुडवी आणि मान खाली घाली. आज रेशनच्या दुकानात पदवीधरही अंगठाच लावतो आणि मशीन तो ओळखत नाही तेव्हा तोही मान खाली घालतो. आमच्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा कामाने झिजून गेलेल्या असतात. ‘कामच केलं नसतं तर अंगठा उमटला असता,’ असे एक बाई हसून म्हणाल्या होत्या. आम्हांला मात्र हसू आले नाही.

साक्षरतेचा प्रश्न आपण सोडवत आणला होता, हे विसरू नये. सच्चर समितीचा अहवाल 2006 साली आला आणि त्यातली निराशा आपण सगळ्यांनी वाचली. पण 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुसलमानांचे साक्षरतेचे प्रमाण 78.1 टक्के होते आणि राज्याची सरासरी 76.9 होती, ही गोष्ट भाषणांतून फारशी येत नाही. म्हणजे लिहिण्यावाचण्यात आपली माणसे इथे मागे नव्हती. मक्तबने, नगरपालिकेच्या शाळांनी, अंजुमनांनी आपापले काम केले होते. आणि नेमके तेव्हाच अक्षर ओळखण्याची व्याख्या बदलली. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी शंभरात चार-पाच घरी आणि शहरी घरांपैकी शंभरात तेवीस घरी संगणक होता. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभर बायकांपैकी तेहतीस जणींनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हा आकडा सत्तावन्न होता. आता मोबाइल वाढले आहेत, आकडेही वाढले असतील. पण ‘वापरले आहे’ याचा अर्थ काय? आमच्या मोहल्ल्यात लग्नाचे व्हिडिओ न पाहिलेली बाई सापडणार नाही, आणि स्वतःचा फॉर्म स्वतः भरलेली बाईही सहसा सापडणार नाही.

त्यात आपल्या माणसांची एक अडचण खास आपली आहे. मूल शिकते उर्दूत, फॉर्म असतो मराठीत किंवा इंग्रजीत, आणि टंकायचे असते रोमन अक्षरांत. एकाच मुलाचे नाव जन्मदाखल्यावर मोहम्मद, आधारवर मुहम्मद, बँकेत एमडी आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात नुसतेच मो. असते. शेख हे आडनाव एकीकडे एस-एच-ए-आय-के-एच असे, तर दुसरीकडे एस-एच-ई-आय-के-एच असे. उर्दूत ते एकच नाव आहे. लिहिणाऱ्याला, वाचणाऱ्याला, हाक मारणाऱ्याला आणि हाकेला ओ देणाऱ्याला त्यात काडीचीही शंका नाही. संगणकाला मात्र ही दोन माणसे आहेत. या दोन माणसांना पुन्हा एक करण्यासाठी जे हेलपाटे घालावे लागतात त्यात मजुरीचे दिवस जातात. आमच्या शाळेत वजीफ्याचे जेवढे अर्ज परत आले, त्यातले निम्म्याहून अधिक या नावांच्या घोळामुळे आले, असे आम्ही आमच्या वहीवरून सांगू शकतो.

(वजीफ्याचे म्हणाल तर तो विषयही आता आटोपत आला आहे. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती 2022 साली बंद करण्यात आली. फॉर्म भरायला शिकलो तेव्हा फॉर्मच गेला, असे एक सहकारी म्हणाले. पण फॉर्म काय, एक गेला तर चार येतात.)

आले तसेच. 2025 पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले. लाडकी बहीण योजना 2024 मध्ये सुरू झाली आणि पुढल्या वर्षी तिला ई-केवायसी लागले. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी मागितला गेला. पैसा बाईच्या नावाचा, पण दार उघडायचे पुरुषाच्या मोबाइलने. विधवांनी, तलाक झालेल्या बायकांनी काय करायचे हा प्रश्न उभा राहिला आणि नंतर त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी ‘उम्मीद’ पोर्टल आले, सहा महिन्यांची मुदत घेऊन. ज्यांनी उभे आयुष्य मशिदीचा हिशेब मोडी आणि उर्दू कागदांच्या बोचक्यात सांभाळला असे एक वयस्क मुतवल्ली ते बोचके घेऊन आमच्या शाळेच्या फाटकाशी उभे राहिले. त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. खरे सांगायचे तर त्या पोर्टलपुढे आमचीही अक्कल चालेना.

दुसरीकडे म्हणजे दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज आणि ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.’ दुकानदारांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्यावाचून आमच्या भागातले निम्मे अर्ज गेलेच नसते. पन्नास-शंभर रुपये घेतात, रात्री दहापर्यंत बसतात. पण दुकानात गिऱ्हाईक शिकत नाही. शिकले तर पुढल्या वेळी येईल कशाला? ओटीपी मोठ्याने विचारला जातो, बाई तो मोठ्याने सांगते, मागे रांगेत उभे असलेले चौघे ऐकतात. तिचे उत्पन्न, तिचे वय, नवऱ्याने सोडले आहे की नाही, हे सगळे त्या काउंटरवर उघडे होते. आणि कित्येकदा दुकानदारही तेच करतो जे आम्ही केले: घाई असते, मोबाइल जवळ नसतो, तो स्वतःचा क्रमांक घालून मोकळा होतो.

तेव्हा आम्ही आणि दुकानदार यांत फरक तो काय? आम्ही पैसे घेत नाही, एवढाच. किल्ली दोघांच्याही खिशात.

आमच्या मोहल्ल्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर एक सार्वजनिक वाचनालय आहे. नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहोत ते त्या एकट्याचे नाही. संध्याकाळी तीन तास उघडते. बाहेरच्या बाकावर निवृत्त मंडळी वर्तमानपत्रे वाचतात, आतल्या खोलीत स्पर्धा परीक्षेची मुले डोके खाली घालून बसलेली असतात. कोपऱ्यात एक संगणक आहे, त्यावर मशीनने टिपा मारलेले फुलाफुलांचे कापड. कोणत्याशा योजनेतून तो मिळाला होता. आम्ही विचारले, चालतो का? ग्रंथपाल म्हणाले, चालतो, पण पासवर्ड आधीच्या सेक्रेटरींना माहीत होता, ते वारले. क्षणभर आम्हांला आमची वही आठवली.

महाराष्ट्रात अशी अनुदानित वाचनालये अकरा हजारांहून अधिक आहेत. भारतातला ग्रंथालयांचा पहिला कायदा कोणत्या मोठ्या प्रांताने केला नव्हता, तो 1945 साली कोल्हापूर संस्थानाने केला, ही आपल्या राज्याला अभिमानाची गोष्ट आहे. त्याआधी 1910 मध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून घेतला होता आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या होत्या. मोफत. त्यानंतर 1967 चा महाराष्ट्राचा अधिनियम आला. पण मद्रासच्या 1948 च्या कायद्यात ग्रंथालयासाठी जो कर होता तसा कर यात ठेवला नाही. आपली बहुतेक वाचनालये संस्थांनी चालवलेली, शासनाच्या अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर जगणारी राहिली. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग. ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला जे अनुदान मिळते त्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज आणि एका माणसाचा पगार भागवायचा. माणूस कसा भागवतो हे विचारण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

अशा ठिकाणी आपल्या बायकांनी फॉर्म भरायला जावे असे आम्ही म्हणतो तेव्हा लोक हसतात. आमच्याच स्टाफरूममध्ये तीन प्रकारचे आक्षेप ऐकले. एक म्हणाले, घरोघर मोबाइल आहे, वाचनालय कशाला? दुसरे म्हणाले, वाचनालय पुस्तकांसाठी असते, त्याचे सेवा केंद्र करू नका. तिसऱ्यांनी आवाज खाली केला आणि म्हटले, ‘वहाँ अपने लोगाँ जातेच कहाँ?’

पहिल्या आक्षेपाला उत्तर टाळेबंदीने दिले आहे. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या वर्गात घरटी एक मोबाइल धरला तरी त्यावर तीन भावंडांचे वर्ग होते, आणि पहिला मान मुलाचा. मुलींची हजेरी कोणत्या महिन्यात गळाली ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. शिवाय हाताएवढ्या पडद्यावर दाखल्याचे छायाचित्र ठरावीक आकारात कापून चढवणे हे काय काम आहे, ते ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. पुस्तकांवर प्रेम करणाऱ्या माणसाचा तो आक्षेप आहे आणि आम्हीही त्यातलेच. पण आधुनिक भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या रंगनाथनांनी 1931 साली जे पाच नियम मांडले त्यात भर पुस्तकाच्या उपयोगावर आणि वाचकाच्या वेळेवर होता, आणि ग्रंथालय वाढते असते हेही त्यांनी सांगून ठेवले होते. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा 1949 पासून अनेकदा सुधारला गेला. 2022 च्या सुधारणेत डिजिटल दरी कमी करण्याचे काम ग्रंथालयांकडे आले. तरीही आमचे म्हणणे जाहीरनाम्यावर उभे नाही. ग्रंथपालाच्या कामात एक जुनी रीत आहे, तिच्यावर आहे. वाचक काय वाचतो हे ग्रंथपाल चारचौघांत बोलत नाही. दुकानदाराला हे बंधन नाही, आणि शिक्षकालाही नाही असे आम्ही वागत आलो.

‘इक्रा’पासून भाषण सुरू करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती टाळून आम्ही दुसरे उदाहरण देतो. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला याकूत अल-हमवी नावाचा भूगोलकार मर्व शहरात राहिला होता. हे शहर आजच्या तुर्कमेनिस्तानात येते. याकूत लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता, पुढे मुक्त झाला, ग्रंथांच्या नकला करून पोट भरी. मर्वमध्ये वक्फ केलेली दहा ग्रंथालये होती, एकात बारा हजारांच्या आसपास ग्रंथ होते, असे त्याने नोंदवले आहे. आणि पुढे म्हणतो की त्याच्या घरी एका वेळी दोनशे वा अधिक ग्रंथ असत, बहुतेक तारण न ठेवता आणलेले. एकेका ग्रंथाची किंमत दिनारात होती. 1221 मध्ये मंगोलांनी ते शहर धुळीला मिळवले.

आम्हांला त्यातला ‘तारण न ठेवता’ हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. परक्या शहरात आलेल्या, एके काळी गुलाम असलेल्या माणसावर ग्रंथालयाने भरवसा टाकला. आजच्या पोर्टलवर सगळे उलटे आहे. आधी सिद्ध कर की तू तूच आहेस, मग पुढची चौकट. संशय हा यंत्राचा स्वभावच आहे आणि पैशाच्या व्यवहारात तो असावाही. पण यंत्राच्या आणि माणसाच्या मधे एखादी जागा अशी हवी जिथे आधी भरवसा मिळतो, बसायला खुर्ची मिळते, चुकले तर पुन्हा करू देतात. सवाबाच्या कामात आपण विहिरी खोदल्या, मुसाफिरखाने बांधले, मशिदीत पंखे लावले. त्या यादीत एक संगणक आणि एक खुर्ची बसायला काय हरकत आहे?

आता तिसरा आक्षेप, म्हणजे आपली माणसे तिथे जातात कुठे. हा खरा आहे, आणि त्याला दोन बाजू आहेत. त्या वाचनालयात पूर्वी एक उर्दू दैनिक येत असे, ते बंद झाले. वाचक नाही म्हणून बंद केले असे ते म्हणतात, आणि बंद केले म्हणून वाचक नाही असे आपण म्हणतो. सभासदांच्या यादीत आपली नावे शोधावी लागतात. ‘सार्वजनिक’ या पाटीत आपण धरलेले नाही असे मनात घेऊन आपण बाहेरूनच जातो. कधी तसा अनुभव आलेला असतो, कधी नुसताच ऐकलेला. पण वर्गणीची पावती फाडून आत बसायला आजवर आम्हांला कोणी मनाई केली नाही, हेही लिहायलाच हवे. पाऊल आपणच टाकले नाही, असेही पुष्कळदा झाले आहे.

आणि मुलींचा प्रश्न. मोबाइलच्या बाबतीत आपल्या घरांतून जी भीती आहे ती आम्ही रोज पाहतो. 2019 साली केरळात फहीमा शिरीन या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढले होते, कारण ठरावीक तासांत मोबाइल जमा करण्याचा नियम तिने मानला नाही. ती उच्च न्यायालयात गेली आणि इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे असा निकाल तिने मिळवला. एका मुलीने तो मिळवला याचा आम्हांला आनंद आहे. पण निकाल वर्गात सांगितला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘टीचर, हमारे घर में कोर्ट नहीं चलता.’

अशा मुलीला वाचनालय ही मधली वाट होऊ शकते. घरच्यांना ती जागा बदनाम वाटत नाही, आणि तिथे तिला काम करता येते. मात्र इथेही एक पेच आहे. संगणकाचा पडदा कुठल्या बाजूला करायचा? दाराकडे केला तर येणारा-जाणारा पाहील. घरचे निर्धास्त होतील. भिंतीकडे केला तर तिचे तिला राहील. मग घरचे पाठवतील का? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. पडदा भिंतीकडे असावा आणि खोलीचे दार उघडे असावे, या निष्कर्षाला आलो. कोणाला तो पळपुटेपणा वाटेल.

सर्वोच्च न्यायालयानेही 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या 21 व्या कलमाचा भाग मानला. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन माणसांचे होते. ई-केवायसीत डोळे मिचकावून दाखवा असे यंत्र सांगते आणि त्यांना ते शक्य नव्हते. हक्क मान्य झाला. पण हक्क अमलात यायला पत्ता लागतो, उघडण्याची वेळ लागते, समोर कोणी माणूस लागतो. शेजारच्या कर्नाटकात पाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालये 2019 पासून पंचायत खात्याकडे देऊन नव्याने उभी करण्यात आली, मुलांना सभासदत्व मोफत केले, अनेक ठिकाणी संगणक बसले. आमच्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडची ही गोष्ट आहे, अमेरिकेतली नाही.

मात्र ग्रंथपालांकडे हा विषय काढला तेव्हा ते जे बोलले त्याला आमच्याजवळ उत्तर नाही. ते म्हणाले, ‘एका फॉर्मला अर्धा तास जातो. चुकला तर शिव्या मी खायच्या. तुम्हांला सातव्या आयोगाचा पगार आहे, माझा आकडा सांगितला तर तुम्हांला इथला चहा गोड लागणार नाही.’ खरेच आहे. ज्याला आपण पोटापुरते देत नाही त्याच्या खांद्यावर समाजाच्या समावेशनाचे ओझे ठेवायला आपल्याला काय अधिकार? नीतीच्या गोष्टी आपण नेहमी दुसऱ्याच्या वेळेच्या जिवावर करतो. मग आम्ही म्हटले, तुम्ही फक्त दार उघडा, बसायला आम्ही येतो. शिकवायला, भरून द्यायला नाही. त्यांनी कार्यकारिणीला विचारले. दोन बैठका गेल्या. अखेर रविवारी सकाळचे दोन तास मिळाले, विजेचे बिल आम्ही भरायचे या अटीवर. संगणकाचा पासवर्ड एका माजी विद्यार्थ्याने काढून टाकला.

त्याच सुमारास आम्ही वहीची पाने फाडायला घेतली. अमानत मालकाला परत द्यायची असते, हे आम्हीच वर्गात शिकवतो. एकेका घरी जाऊन त्यांचे पान त्यांच्या हाती दिले, शक्य तिथे मोबाइल क्रमांक बदलून दिला, पासवर्ड बदला म्हणून सांगितले. काही घरे गाव सोडून गेली होती. एका आईने पान घेतले, पाहिले आणि परत आमच्या हातात ठेवले: ‘तुम्हारेच पास रहने दो टीचर, यहाँ बच्चे फाड डालते.’ आम्ही तिच्याशी वाद घातला आणि शेवटी पान घेऊन परत आलो. ते अजून वहीत आहे.

पहिल्या रविवारी कोणी आले नाही. दुसऱ्या रविवारी दोघी आल्या, त्यातली एक नुसती बघायला. दुसरी विड्या वळणारी, वय चाळिशीच्या पुढे. मुलीच्या प्रवेशासाठी खाते उघडायचे होते. तिचे स्वतःचे नाव टंकायला तिला वीस मिनिटे लागली. आधारवरचे स्पेलिंग चुकीचे आहे हे तिला ठाऊक होते, आणि तरी तेच टंकावे लागेल हे कळल्यावर ती थोडी रागावली. आम्ही हात मागे बांधून उभे होतो. चार वेळा पुढे गेले, चार वेळा मागे घेतले. पासवर्डची चौकट आली तेव्हा ती थांबली आणि आमच्याकडे पाहू लागली. आम्हांला आधी कळले नाही. मग कळले, आणि आम्ही खिडकीकडे तोंड केले. बाहेर निवृत्त मंडळी बाकावर पेपर वाचत होती. मागे एकेक कळ दाबल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. वळलो तेव्हा पडद्यावर चाक गोल गोल फिरत होते. साइट बंद पडली होती. पुढल्या रविवारी या, म्हणालो. ती म्हणाली, ‘येते. पण ते मी कागदावर लिहिलेलं नाही हां, डोक्यात ठेवलंय.’